श्रीपेरुंबुदूर, रात्री १०.२०

२१ मे १९९१ च्या रात्री मद्रासपासून सुमारे ४० किलोमीटरवर एका सभेच्या मैदानात स्फोट झाला आणि माजी पंतप्रधान, अमेठीचे खासदार राजीव गांधी मारले गेले. तेव्हा ते ४६ वर्षांचे होते. हा कट कोणी रचला, हे पुढे तपासात आणि न्यायालयात सिद्ध झालं. पण त्या दिवसाचे तास एकापुढे एक ठेवून पाहिले, तर दुसरीही एक गोष्ट दिसते. मारेकरी फार हुशारीने आत शिरले असं नव्हे. बहुतेक दारं त्यांना उघडीच सापडली. काही दारं सरकारने उघडी ठेवली होती, काही संयोजकांनी, आणि शेवटचं खुद्द राजीव यांनी.

दहा वर्षं आधी : अमेठी

२० ऑगस्ट १९४४ रोजी मुंबईत जन्मलेले राजीव इंडियन एअरलाइन्समध्ये वैमानिक होते आणि राजकारणापासून चार हात दूर होते. २३ जून १९८० रोजी धाकटे बंधू संजय विमान अपघातात गेले आणि अमेठीची जागा रिकामी झाली. १९८१ च्या पोटनिवडणुकीत राजीव यांनी शरद यादव यांना दोन लाखांहून अधिक मतांनी हरवलं.

३१ ऑक्टोबर १९८४ रोजी इंदिरा गांधींना त्यांच्याच अंगरक्षकांनी गोळ्या घातल्या. त्याच संध्याकाळी राजीव पंतप्रधान झाले. डिसेंबरच्या निवडणुकीत काँग्रेसला चारशेच्या वर जागा मिळाल्या. अमेठीत समोर संजय यांच्या पत्नी मनेका होत्या आणि फरक तीन लाखांहून मोठा होता. १९८९ मध्ये तिथेच त्यांनी महात्मा गांधींचे नातू राजमोहन गांधी यांना हरवलं, पण देशात पक्ष १९७ जागांवर घसरला. बोफोर्सचा डाग होताच. शिवाय आणखी एक बोलणं कार्यकर्त्यांच्या तोंडी होतं : हा नेता बंदूकधाऱ्यांच्या कड्यात असतो, आपल्याला दिसतसुद्धा नाही.

ते कडं विशेष सुरक्षा दलाचं, म्हणजे एसपीजीचं होतं. इंदिराजींच्या हत्येनंतर १९८५ मध्ये ते उभं राहिलं. १९८८ च्या कायद्याने त्याचं काम ठरवून दिलं : पंतप्रधान आणि त्यांचं कुटुंब. माजी पंतप्रधान हा शब्द त्या कायद्यात नव्हता. सत्ता गेली आणि कडंही काढून घेतलं गेलं.

धोका मात्र गेला नव्हता. २ ऑक्टोबर १९८६ रोजी राजघाटावर एकाने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या होत्या. २९ जुलै १९८७ रोजी कोलंबोत भारत-श्रीलंका करार झाला. दुसऱ्याच दिवशी मानवंदनेच्या रांगेतल्या एका नौसैनिकाने त्यांच्यावर बंदुकीचा दस्ता उगारला आणि डोक्यावरचा घाव थोडक्यात चुकला. त्या करारानुसार गेलेली भारतीय शांतिसेना श्रीलंकेतल्या एलटीटीई या तमिळ बंडखोर संघटनेशी लढली. मार्च १९९० मध्ये ती परत आली, तोवर अकराशेहून अधिक भारतीय जवान मारले गेले होते. ज्या संघटनेशी ती लढली, तिच्या लेखी हा हिशेब मिटलेला नव्हता.

७६ दिवस आधी : ६ मार्च १९९१

काँग्रेसच्या पाठिंब्यावर उभं असलेलं चंद्रशेखर सरकार पडलं. निमित्त होतं १०, जनपथबाहेर सापडलेल्या हरियाणाच्या दोन पोलिसांचं. ते राजीव यांच्या घरावर पाळत ठेवत आहेत, असा काँग्रेसचा आरोप होता. दोन शिपाई दाराशी दिसले म्हणून सरकार गेलं. त्याच दाराला आता पूर्वीचं संरक्षण नाही, यावर मात्र संसदेत गदारोळ झाला नाही.

आदल्याच दिवशी एलटीटीईच्या गोटातले तमिळ कवी काशी आनंदन राजीव यांना भेटून गेले होते. जुनं वैर विसरायला संघटना तयार आहे, असा समज अशा भेटींतून पसरला. लोकसभा विसर्जित झाली आणि मतदानासाठी २०, २३ व २६ मे या तारखा ठरल्या. काँग्रेसच्या जाहीरनाम्याने श्रीलंका कराराचा पुरस्कार कायम ठेवला. राजीव परत आले, तर शांतिसेनाही परत येईल, हा अर्थ एलटीटीईच्या गोटात काढला गेला.

१४ दिवस आधी : ७ मे

मद्रासच्या नंदनम भागात माजी पंतप्रधान विश्वनाथ प्रताप सिंग यांची सभा. गर्दीत एलटीटीईचा शिवरासन नावाचा, एका डोळ्याने अधू असलेला माणूस आहे. त्याच्याबरोबर मेच्या सुरुवातीला समुद्रमार्गे तमिळनाडूत उतरलेल्या धनू आणि शुभा या दोन तरुणी आहेत. व्यासपीठाकडे जाणाऱ्या पाहुण्याच्या जवळ किती जाता येतं, हार घालता येतो का, कोण अडवतं, एवढंच त्यांना पाहायचं होतं. ही रंगीत तालीम होती. कोणालाही संशय आला नाही.

तमिळनाडूत तेव्हा राष्ट्रपती राजवट होती. एलटीटीईला मोकळं रान दिल्याच्या आरोपावरून द्रमुकचं सरकार ३० जानेवारीला बरखास्त झालं होतं. म्हणजे त्या राज्यात या संघटनेचा वावर किती आहे, हे दिल्लीने स्वतःच कागदावर मांडलेलं होतं.

आदला दिवस : २० मे

मतदानाचा पहिला टप्पा. सकाळी राजीव आणि सोनिया दिल्लीत मतदान करतात. अमेठीचे मतदारही आपलं मत पेटीत टाकतात. स्वतःच्या मतदारसंघाचा प्रश्न राजीव यांच्यापुरता संपलेला आहे. आता राहिलेत ते इतरांचे मतदारसंघ.

या वेळच्या प्रचाराची तऱ्हा त्यांनी ठरवून बदलली होती. १९८९ चा ठपका पुसायचा होता. मोटारीच्या काचा उघड्या, हात बाहेर, गळ्यात पडतील तेवढे हार, अंगावर पडतील तेवढ्या शाली. ठरलेल्या वेळा कोलमडत, सभा मध्यरात्रीपर्यंत लांबत आणि लोक तरीही थांबून राहत. कार्यकर्ते खूश होते, साहेब पुन्हा आपल्यातले झाले म्हणून. सोबतच्या सुरक्षा अधिकाऱ्यांसाठी ही प्रत्येक सभा म्हणजे पुढचे काही तास हातातून निसटणं होतं.

राजीव यांच्या तमिळनाडू दौऱ्याची बातमी तिथल्या वर्तमानपत्रांत आलेली होती. त्यात श्रीपेरुंबुदूर होतं. शिवरासनला तारीख आणि गाव शोधावं लागलं नाही.

२१ मे, दुपार

राजीव ओरिसा आणि आंध्रातल्या सभा करत आहेत. मद्रासमध्ये कटात सामील असलेली नलिनी नावाची तरुणी कार्यालयातून अर्ध्या दिवसाची रजा घेते. शुभा आणि धनू तयार होतात. धनूच्या अंगावर हिरव्या-नारिंगी रंगाचा सैलसर सलवार-कमीज आहे. तो सैल असायलाच हवा होता, कारण आत कमरेला पट्टा आहे. पट्ट्यात आरडीएक्स आणि हजारो बारीक पोलादी छर्रे.

वाटेत देवळात दर्शन होतं. बसस्थानकाजवळ हरिबाबू हा छायाचित्रकार त्यांना भेटतो. त्याच्याजवळ कॅमेरा आणि चंदनाचा हार आहे. शिवरासनने पांढरा कुडता-पायजमा घातलाय आणि हातात वही आहे. पाहणाऱ्याला तो वार्ताहर वाटावा. पाच जण सार्वजनिक बसमध्ये बसतात आणि इतर प्रवाशांसारखं तिकीट काढून निघतात.

सायंकाळ : विशाखापट्टणम

राजीव यांचं छोटं विमान मद्राससाठी निघायच्या बेतात असताना त्याच्या यंत्रणेत बिघाड सापडतो. आज उड्डाण नाही, असं ठरतं आणि राजीव मुक्कामासाठी विश्रामगृहाकडे निघतात. श्रीपेरुंबुदूरची सभा रद्द होणार, हे जवळजवळ नक्की झालेलं असतं.

इतक्यात तंत्रज्ञ बिघाड दूर करतात. निरोप पोलिसांच्या बिनतारी यंत्रणेवरून ताफ्याला गाठतो आणि राजीव यांची गाडी मागे वळते. त्यांचा वैयक्तिक सुरक्षा अधिकारी मात्र दुसऱ्या गाडीत आहे. हा बदल त्याच्यापर्यंत वेळेत पोहोचत नाही.

३ तास ५० मिनिटं आधी : साडेसहाच्या सुमारास

विमान उडतं. नियंत्रण खुद्द राजीव यांच्या हातात आहे, कारण हा त्यांचा मूळचा धंदा आणि आवडही. दिवसभर सोबत असलेला सुरक्षा अधिकारी विशाखापट्टणमलाच राहिलेला आहे.

नेत्याचं वेळापत्रक आयत्या वेळी बदलतं, हे प्रचारात रोजचंच. सत्तेतल्या पंतप्रधानाच्या बाबतीत अशा बदलाची साखळी ठरलेली असते : सुरक्षा प्रमुखाने होकार दिल्याशिवाय विमान हलत नाही. विरोधी पक्षाच्या नेत्याच्या बाबतीत विमान निघालं, कारण नेता निघाला.

२ तास ५० मिनिटं आधी : साडेसातच्या सुमारास

बस श्रीपेरुंबुदूरला पोहोचते. रामानुजाचार्यांचं हे जन्मगाव. महामार्गालगतच्या मैदानावर व्यासपीठ, कापडाचा लाल पट्टा, लाकडी अडसर आणि ध्वनिक्षेपक. पाहुणे यायला वेळ आहे, म्हणून संगीताचा कार्यक्रम सुरू आहे. हे पाच जण खाऊन घेतात, फुलं विकत घेतात आणि गर्दीत मिसळतात.

काँग्रेसच्या उमेदवार मरगतम चंद्रशेखर या इंदिराजींच्या काळापासूनच्या सहकारी. राजीव यांना त्यांच्याबद्दल आपुलकी होती, आणि त्यांच्यासाठीच ही सभा ठेवलेली होती.

हार घालणाऱ्यांची यादी संयोजकांनी पोलिसांकडे दिलेली आहे. यादीतल्या लोकांनी अडसराच्या आत, लाल पट्ट्याच्या कडेला उभं राहायचं. धनूचं नाव यादीत नाही. हातात चंदनाचा हार घेऊन ती तिथे घुटमळते, तेव्हा अनसूया नावाच्या महिला उपनिरीक्षक तिला हटकतात आणि मागे सरायला सांगतात. ती सरते. तिची झडती होत नाही. धातुशोधक चौकट असती, तर पट्ट्यातले छर्रे बोलले असते. लाल पट्ट्यापर्यंत पोहोचणाऱ्या प्रत्येकाला चौकटीतून जावंच लागेल, अशी व्यवस्था मैदानावर नव्हती.

दोन तास आधी : ८.२० च्या सुमारास

विमान मीनम्बाक्कम विमानतळावर उतरतं. पत्रकारांशी थोडं बोलून राजीव मोटारीत बसतात, पुढच्या आसनावर, चालकाशेजारी. मद्रासहून त्यांच्या रक्षणाची जबाबदारी प्रदीप गुप्ता या अधिकाऱ्याकडे येते. सुरक्षा बंदोबस्ताची धुरा पोलीस महानिरीक्षक आर. के. राघवन यांच्याकडे आहे.

वाटेत ठिकठिकाणी थांबे, पुतळ्याला हार, छोटी भाषणं. सभेला उशीर होत जातो. ज्यांना लाल पट्ट्याजवळची जागा मिळवायची आहे, त्यांना या उशिराने आणखी वेळ मिळतो.

अर्ध्या-पाऊण तासावर : रस्त्यात

मोटारीत दोन महिला पत्रकार आहेत, 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या बार्बरा क्रॉसेट आणि 'गल्फ न्यूज'च्या नीना गोपाल. या राजीव यांच्या अखेरच्या मुलाखती ठरल्या. नीना गोपाल यांनी नंतर लिहिल्याप्रमाणे, जिवाला धोका वाटतो का, या प्रश्नावर राजीव यांनी दक्षिण आशियाचाच दाखला दिला. इथे एखादा नेता मोठा होऊ लागला की त्याला संपवलं जातं, असं सांगून त्यांनी इंदिराजी, मुजीब, झुल्फिकार भुट्टो, झिया आणि बंदरनायके यांची नावं घेतली.

म्हणजे धोका त्यांना माहीत होता. तरी खिडकी उघडीच होती. हा भाबडेपणा नव्हता. एका पराभवातून त्यांनी काढलेला तो राजकीय निष्कर्ष होता. लोकांपासून दूर राहिलो म्हणून हरलो, आता लोकांच्या हाताला लागेन एवढा जवळ राहीन.

दहा मिनिटं आधी : १०.१०

ताफा श्रीपेरुंबुदूरमध्ये शिरतो. राजीव आईच्या पुतळ्याला हार घालतात आणि मैदानाकडे येतात. फटाके, घोषणा, धक्काबुक्की. लाल पट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी लोक पुढे झुकतात आणि पोलिसांचं कडं विस्कटतं.

पट्ट्याच्या कडेला एका महिला कार्यकर्तीची शाळकरी मुलगी उभी आहे. राजीव यांच्यासाठी तिने हिंदी कविता पाठ केलेली आहे. तिला परवानगी मिळालेली आहे. हार हातात घेऊन धनू मायलेकींच्या जवळच येऊन उभी राहते. आता ती यादीतल्यांपैकीच वाटते. थोड्या अंतरावर हरिबाबू कॅमेरा सरसावून आहे. शिवरासन वही घेऊन उभा आहे. नलिनी आणि शुभा मागे, महिलांच्या बाजूला.

शेवटचं मिनिट

मुलगी कविता म्हणते. राजीव ऐकतात, तिच्याशी दोन शब्द बोलतात. पुढे सरकताना धनू मध्ये येते. उपनिरीक्षक अनसूया हात आडवा घालून तिला मागे ढकलू पाहतात. राजीव त्यांना थांबवतात : सगळ्यांना येऊ द्या, काळजी करू नका, अशा अर्थाचं काही बोलतात. अनसूया मागे होतात. त्या अंतरामुळेच त्या वाचल्या, पण जबर जखमी झाल्या.

धनू हार घालते आणि पाया पडण्यासाठी वाकते.

१०.२०

स्फोट.

राजीव गांधी जागीच गेले. कविता म्हणणारी मुलगी आणि तिची आई, प्रदीप गुप्ता, पोलीस अधीक्षक महंमद इक्बाल, बंदोबस्तावरचे इतर पोलीस, सभेला आलेली साधी माणसं, खुद्द धनू आणि हरिबाबू, अशी डझनाहून अधिक माणसं मेली. काँग्रेस नेते जी. के. मूपनार आणि जयंती नटराजन धुरातून पुढे आले. राजीव यांची ओळख पायातल्या बुटांवरून पटली.

पहिले काही तास

सोनिया आणि प्रियांका रात्रीच विमानाने मद्रासला पोहोचल्या. २२ मेच्या सकाळी पार्थिव दिल्लीत आणलं गेलं. निवडणूक आयोगाने राहिलेलं मतदान पुढे ढकललं. ते १२ आणि १५ जूनला झालं. काँग्रेस कार्यकारिणीने २२ मे रोजीच सोनिया गांधींना अध्यक्ष निवडलं. त्यांनी नकार दिला. २४ मे रोजी यमुनेकाठी राहुल यांनी अग्नी दिला.

मैदानात एक वस्तू शाबूत सापडली : हरिबाबूचा कॅमेरा. त्यातल्या छायाचित्रांत हार घेतलेली धनू होती आणि पांढऱ्या कपड्यांतला शिवरासन होता. मारेकऱ्यांनी आपल्या कामाची नोंद ठेवायला आणलेला माणूस मेला आणि त्याची फिल्म तपास पथकाचा पहिला धागा झाली. डी. आर. कार्तिकेयन यांच्या पथकाने ऑगस्टमध्ये बंगळूरजवळ शिवरासनला घेरलं. त्याने आणि साथीदारांनी आत्महत्या केली. १९९८ मध्ये विशेष न्यायालयाने २६ जणांना फाशी सुनावली. ११ मे १९९९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चौघांचीच फाशी कायम ठेवली. तीही पुढे अमलात आली नाही, आणि २०२२ मध्ये उरलेले सगळे दोषी सुटले.

निकाल

जूनमध्ये मतमोजणी झाली तेव्हा अमेठीची पेटीही उघडली. २० मे रोजी टाकलेल्या मतांत राजीव गांधी एक लाखाहून अधिक मतांनी विजयी झालेले होते. निवडून आलेला खासदार हयात नव्हता. ती जागा पोटनिवडणुकीत सतीश शर्मा यांच्याकडे गेली. श्रीपेरुंबुदूरहून मरगतम चंद्रशेखर जिंकल्या. केंद्रात काँग्रेस सर्वांत मोठा पक्ष ठरला, पण बहुमत मिळालं नाही. २१ जून रोजी पंतप्रधानपदाची शपथ घेतली पी. व्ही. नरसिंह राव यांनी. आदल्या लोकसभेत आपल्या रामटेकचं प्रतिनिधित्व करणाऱ्या रावांनी ही निवडणूक लढवलीच नव्हती. त्या शर्यतीत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री शरद पवार यांचंही नाव होतं.

न्यायमूर्ती जे. एस. वर्मा आयोगाने सुरक्षेतल्या त्रुटी तपासल्या. एसपीजी काढून घेतल्यावर तेवढीच भक्कम पर्यायी व्यवस्था केंद्राने केली नाही, राज्य पोलिसांचा बंदोबस्त अपुरा पडला आणि स्थानिक संयोजकांनी शिस्त पाळली नाही, असं बोट सगळ्यांकडे वळलं. १९९१ मध्येच कायदा बदलून माजी पंतप्रधान आणि त्यांच्या कुटुंबाला एसपीजीचं संरक्षण मिळालं.

सगळं 'त्यांनीच पोलिसाला थांबवलं' या एका वाक्यावर ढकलून मोकळं होणं सोपं आहे. ते खरंही आहे. पण प्रचारातला कोणताही नेता गर्दीतल्या हाराला नको म्हणणार नाही. तसं म्हणायला निवडणूक त्याला परवानगीच देत नाही. म्हणून तर झडती आधी व्हायला हवी असते आणि 'नाही' म्हणायचा अधिकार नेत्याचा नव्हे, सुरक्षा अधिकाऱ्याचा असावा लागतो. एसपीजी असताना तो अधिकार अधिकाऱ्यांकडे होता. ती गेल्यावर तो एका उपनिरीक्षक महिलेच्या आडव्या हाताएवढा उरला, आणि तो हातही खाली घ्यायला सांगता आला.

कवच खुर्चीला जोडलेलं होतं आणि धोका माणसाला चिकटलेला होता, हे १९९१ च्या चुकीचं मूळ. २०१९ च्या दुरुस्तीने एसपीजी पुन्हा विद्यमान पंतप्रधानांपुरती, तर माजी पंतप्रधानांसाठी पाच वर्षांपुरती ठेवली. बाकीच्यांचं संरक्षण इतर दलांकडे गेलं. कोणतं दल, हा प्रश्न दुय्यम आहे. संरक्षण पदाची तारीख पाहून ठरतं की धोक्याचं मोजमाप करून, एवढंच विचारायला हवं. पुढच्या निवडणुकीत तुमच्या गावच्या सभेला कोणी मोठा नेता आला आणि पोलिसाने तुमच्या हातातला हार बाजूला ठेवायला सांगितला, तर रागावू नका. त्याला ते काम करू द्या.